दार बंद झाल्यावर डब्यात काय होतं?

9 जून 2025 ला मुंब्र्याच्या वळणावर शेजारून जाणाऱ्या दोन लोकलच्या दारात लटकलेली माणसं एकमेकांना घासली, रुळांवर पडली, त्यातली काही गेली. त्यानंतर रेल्वेने जाहीर केलं की मुंबईच्या नव्या लोकलना आपोआप बंद होणारी दारं असतील, बिगर-एसी गाड्यांनाही. घुसमट होऊ नये म्हणून दारांना झडपा, छतावर ताजी हवा आत ओढणारी यंत्रं आणि एका डब्यातून दुसऱ्यात जायला वाट. तेव्हापासून मराठी वर्तमानपत्रांत आणि व्हॉट्सअ‍ॅपवर दोन तट आहेत. एक म्हणतो, ‘जपानमध्ये बघा, दार बंद झाल्याशिवाय गाडी हलत नाही.’ दुसरा म्हणतो, ‘आमच्या गर्दीत हे चालायचं नाही.’

टोकियोत राहून हा वाद वाचताना पहिल्या तटाला सांगावंसं वाटतं की दाराचं जपानी उदाहरण द्यायचं तर ते पुरतं द्या. बंद दाराचा हिशेब इथे माणसं जाळून आणि चिरडून शिकले आहेत.

आधी साधी गोष्ट. यामानोते या टोकियोच्या वर्तुळाकार लोकल मार्गाच्या 20 मीटरच्या डब्याला एका बाजूला चार दारं, प्रत्येक 1.3 मीटर रुंद. एखादं दार नीट लागलं नाही तर डब्याबाहेरचा लाल दिवा जळत राहतो, मोटरमनला ‘दारं बंद’चा दिवा मिळत नाही, गाडी जोर घेत नाही. मुंबईच्या एसी लोकललाही हेच बंधन आहे. फरक पुढे आहे. पिशवी अडकली की इथला गार्ड वेगळं बटण दाबतो आणि फक्त न लागलेलं दारच पुन्हा उघडतं. सगळी दारं उघडली तर प्लॅटफॉर्मवरचे आणखी दहाजण आत उड्या मारणार आणि खेळ पहिल्यापासून सुरू. मुंबईच्या नव्या रेकमध्ये (म्हणजे डब्यांच्या पूर्ण संचात) ही सोय आहे का, हे कुणी विचारल्याचं वाचनात नाही. तीन मिनिटांच्या अंतराने गाड्या धावतात तिथे दादरला वाढलेले 20 सेकंद त्या गाडीपुरते राहत नाहीत. मागची गाडी परळ-माटुंग्याच्या सिग्नलला उभी राहते, तिच्यामागे आणखी एक. आणि ती उभी असते दारं बंद करून.

इथे हवेचा प्रश्न येतो. ‘झडपा ठेवल्या की झालं’ असं समजणाऱ्यांनी थोडं गणित करावं. माणूस नुसता उभा राहिला तरी साधारण 100 वॉट उष्णता बाहेर टाकतो. पहिल्या एसी लोकलची जाहीर क्षमता 5,964 होती, म्हणजे डब्यामागे जवळपास 500 माणसं. त्यांची उष्णता झाली 50 किलोवॉट, म्हणजे 2 किलोवॉटचे 25 गीझर एका डब्यात सुरू. टोकियोच्या लोकलमध्ये एका डब्याच्या एसीची ताकद सुमारे 58 किलोवॉट असते ती उगाच नाही. आता एसी नाही, नुसती हवा खेळवायची आहे. निम्मी उष्णता घामाच्या वाफेत गेली असं धरलं आणि डब्यातली हवा बाहेरच्यापेक्षा 5 अंशांहून जास्त तापू द्यायची नाही असं ठरवलं, तरी सेकंदाला चार घनमीटर हवा हवी. डब्याचं आतलं आकारमान दीडशे घनमीटरच्या आसपास. म्हणजे दर 40 सेकंदांनी डब्यातली सगळी हवा बदलायची. गाडी धावत असताना झडपा थोडा हातभार लावतील. कळवा-मुंब्र्याच्या मधे उभी असताना सगळी भिस्त छतावरच्या पंख्यांवर. आणि ओएचईचा, म्हणजे डोक्यावरच्या तारेचा वीजपुरवठा गेला तर? ते पंखे बॅटरीवर चालतात का, किती मिनिटं, किती जोराने? माझ्या मते बंद दाराच्या सगळ्या वादातला खरा प्रश्न हाच. भाड्याची भांडणं नंतर करता येतील. (पावसाळ्यात त्याच झडपांतून पाणी आत येईल आणि कुणीतरी त्या वाकवून कागद कोंबेल, हे मुंबईकराला वेगळं सांगायला नको.)

आता जपानने मोजलेली किंमत. 24 एप्रिल 1951, योकोहामाचं साकुरागिचो स्टेशन. ओव्हरहेड तारेवर काम करणाऱ्याच्या हातून पाना निसटला, शॉर्टसर्किट होऊन तार तुटली. आत येणाऱ्या लोकलचा पेंटोग्राफ, म्हणजे तारेतून वीज घेणारा छतावरचा सांगाडा, तिच्यात गुंतला, लाकडी छत पेटलं. दारं उघडली नाहीत. खिडकीची काच तीन तुकड्यांत, मधला तुकडा पक्का बसवलेला. उघडणाऱ्या भागाची फट 29 सेंटिमीटरची, तिच्यातून मोठ्या माणसाने निघायचं कसं? पुढच्या डब्याकडे जाणारं दार आतल्या बाजूला उघडणारं, गर्दीच्या रेट्यापुढे ते उघडेना. दार हाताने मोकळं करायचा कॉक डब्यात होता, पण तो कुठे आहे हे सांगणारी पाटी नव्हती. 106 माणसं गेली. मग कॉकवर पाट्या आल्या, खिडक्या बदलल्या, डबे एकमेकांना जोडले. मुंबईच्या नव्या रचनेत डबे जोडायचं ठरलंय त्याचं मोल कळायला हा एक अपघात पुरे. लोक ती सोय गर्दी पांगवण्यासाठी समजतात, पण ती आधी जीव वाचवायची वाट आहे.

पाटी लावून प्रश्न सुटला असता तर बरं होतं. 3 मे 1962 ला टोकियोत मिकावाशिमाला सिग्नल ओलांडलेली मालगाडी घसरली आणि तिच्यावर एक लोकल आदळली. प्रवाशांनी तोच कॉक वापरून दारं उघडली आणि ते शेजारच्या रुळांवर उतरले. काही मिनिटांनी त्या रुळांवरून समोरून दुसरी लोकल आली. 160 मृत्यू. त्यानंतर इथे लाल सिग्नलला गाडी आपोआप थांबवणारी एटीएस यंत्रणा तर सगळीकडे बसलीच, शिवाय धोक्याचा रेडिओ आला. मोटरमनने किंवा गार्डने एक बटण दाबलं की आसपासच्या साधारण किलोमीटरभरातल्या सगळ्या गाड्यांत भोंगा वाजतो आणि त्या थांबतात.

महाराष्ट्राला हे नवीन वाटू नये. 22 जानेवारी 2025 ला पाचोऱ्याजवळ पुष्पक एक्स्प्रेसमध्ये आगीची अफवा उठली, साखळी ओढली गेली, लोक शेजारच्या रुळांवर उतरले आणि कर्नाटक एक्स्प्रेसने त्यांना उडवलं. मिकावाशिमानंतर 63 वर्षांनी तीच चाल. ‘कवच’ या गाड्यांची टक्कर टाळणाऱ्या भारतीय यंत्रणेत आसपासच्या गाड्यांना आपत्कालीन संदेश देण्याची सोय आहे. लोकलचं दार आतून हाताने उघडलं की हा संदेश आपोआप गेला पाहिजे. कॉक आणि संदेश यांची जोडी नसेल तर बंद दाराची लोकल अर्धीच सुरक्षित.

राहिली गर्दी. ‘आमच्या गर्दीत चालायचं नाही’ म्हणणाऱ्यांचं दुखणं खोटं नाही. दारात लटकणारी माणसं दार लागल्यावर हवेत विरत नाहीत, ती प्लॅटफॉर्मवर राहतात. टोकियोच्या मुख्य मार्गांवरची ऐन गर्दीच्या तासातली सरासरी गर्दी 1975 च्या सुमारास क्षमतेच्या 221 टक्के होती, 2023 मध्ये 136. त्यासाठी 1965 पासून पाच दिशांना जादा रूळ टाकले. ठाणे-दिवा पाचवी-सहावी मार्गिका 2022 मध्ये सुरू झाली, कुर्ला-सीएसएमटीची अजून रेंगाळते आहे. ती झाल्याशिवाय नुसत्या दारांनी लटकणारे कमी होतील, मागे राहणारे वाढतील.

तोवर निदान एक करता येईल. बंद दारांचा पहिला बिगर-एसी रेक मे महिन्यात दुपारी कुर्ला कारशेडमध्ये उभा करा, दारं लावा, प्रत्येक डब्यात 50 किलोवॉटचे हीटर आणि घामाची वाफ म्हणून ह्युमिडिफायर ठेवा, पेंटोग्राफ खाली घ्या आणि अर्धा तास थांबा. थर्मामीटर डब्याच्या मध्यभागी, उभ्या माणसाच्या तोंडाच्या उंचीवर. तो आकडा सगळ्या स्टेशनांवर लावा.