पंजा टेकवून काच वाचत नाही, भावोजी

गेले काही दिवस आमच्या घरच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. आधी भावोजींनी टाकला, मग मावशीनं, आणि परवा तो ऑफिसच्या ग्रुपवरही आला. मजकूर असा:

‘हायवेवर जाणाऱ्यांनी जरूर वाचा! दगड उडून येतोय असं दिसलं की पंजा आतून काचेला टेकवा, कंपन हातात उतरतं आणि काच फुटत नाही. आजकालच्या काचा पातळ आहेत, पूर्वीसारख्या राहिल्या नाहीत. खडीचा डंपर दिसला की वेग वाढवून पुढे निघून जा. तरीही टवका उडालाच तर सुपरग्लूचे दोन थेंब सोडा, नसेल तर नेलपॉलिश. बाहेरून पारदर्शक फिल्म लावून घ्या, आयुष्यभराची चिंता मिटली. आणि काच गेलीच तर इन्शुरन्समध्ये फुकट मिळते. शेअर करा, कुणाचे तरी पैसे वाचतील.’

मी रोज चिपळूणहून लोट्याला गाडी चालवत जाते. परशुराम घाट सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. त्या रस्त्याच्या रुंदीकरणात इतकी वर्षं खडीचे डंपर पाहिलेत की मागच्या फाळक्यावरून कुठला उतू जाणार हे आता लांबून कळतं. शिवाय माझी नोकरी रेझिन आणि चिकटद्रव्यांच्या प्रयोगशाळेतली. त्यामुळे या मेसेजवर नुसता अंगठा दाखवून गप्प बसणं जमेना.

पंजापासून सुरू करते, कारण सगळ्यांना तोच आवडलाय.

समोरची काच म्हणजे एक काच नसते. बाहेर साधारण दोन मिलिमीटरचा काचेचा थर, आत तसाच दुसरा, आणि मध्ये पाऊण मिलिमीटरचा पॉलिव्हिनाइल ब्यूटिरल नावाच्या चिवट प्लास्टिकचा पापुद्रा. दगड आदळतो तो बाहेरच्या थरावर, आणि तोही टोकानं, म्हणजे मोहरीएवढ्या जागेवर. तिथे काचेला तडा जायचा असेल तर तो मिलिसेकंदाच्या आत गेलेला असतो. काचेतला तडा सेकंदाला दीड किलोमीटरच्या आसपास वेगानं धावू शकतो. तुमचा पंजा आहे आतल्या थराला, मऊ, आणि मध्ये प्लास्टिक. बाहेरच्या थराला त्याचा पत्ताच लागत नाही. काच फुटते ती थरथरल्यामुळे नव्हे, त्या एका ठिपक्यावर आलेल्या दाबामुळे.

बरं, ‘येतोय असं दिसलं की’ म्हणजे कधी? दगड आणि गाडी एकमेकांकडे ताशी शंभरच्या वेगानं येत असतील तर वीस मीटरचं अंतर पाऊण सेकंदाच्या आत संपतं. तेवढ्यात दगड बघायचा, ओळखायचा, घाटाच्या वळणावर स्टिअरिंगचा हात सोडायचा आणि काचेला लावायचा? शेजारी बसलेल्यानं लावला तर आणखी वाईट. त्याच्यासमोरच्या डॅशबोर्डमध्ये एअरबॅग असते आणि ती सेकंदाच्या तीन-चार शतांश भागात फुगते. तिच्या वाटेत हात असणं म्हणजे मनगटाची परीक्षा.

ही युक्ती आपल्याकडची नाहीच. ऑस्ट्रेलियातल्या कच्च्या रस्त्यांवरचे जुने चालक असं करायचे. हात टेकवला आणि काच फुटली नाही की श्रेय हाताला. अहो, हात न टेकवता न फुटलेल्या काचा कोण मोजतो?

‘पूर्वीच्या काचा भक्कम होत्या’ यात मात्र अर्ध सत्य आहे आणि ते मान्य करायला हवं. जुन्या पुष्कळ गाड्यांना समोरही टफन्ड, म्हणजे तापवून झटकन गार केलेली एकसंध काच असायची, आता बाजूला आणि मागे असते तशी. टफन्ड काच साध्या काचेच्या चार-पाच पट ताकदीची. किरकोळ खडीला ती दाद देत नसे. पण एकदा का ती गेली की सगळीच गेली: क्षणात पूर्ण काच पांढरी, पुढचं काही दिसत नाही, आणि वेग तोच. म्हणून समोर लॅमिनेटेड, म्हणजे वर सांगितलेली थरांची काच सक्तीची झाली. तिला टवका लवकर पडतो, पण ती जागेवर राहते आणि रस्ता दिसत राहतो. वजन वाचवायला काही नव्या गाड्यांत थर थोडे पातळ केलेत, हेही खरं. पण ‘आजकालच एवढे टवके दिसतात’ म्हणणाऱ्यांना मी सिएटलची गोष्ट सांगते. १९५४ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेतल्या या शहरात लोकांना आपापल्या गाड्यांच्या काचांवर बारीक खड्डे दिसू लागले. पोलिसांकडे सुमारे तीन हजार गाड्यांच्या तक्रारी आल्या. कुणी हायड्रोजन बॉम्बच्या चाचण्यांना दोष दिला, कुणी वैश्विक किरणांना. महापौरांनी थेट राष्ट्राध्यक्षांकडे मदत मागितली. निघालं काय, तर बहुतेक खड्डे रोजच्या वापरातले, जुनेच. एरवी लोक काचेतून बघत होते, त्या आठवड्यात काचेकडे बघायला लागले. पुढच्या दोन-तीन दिवसांत तक्रारी जवळपास थांबल्या.

आता डंपर. या मेसेजमधला हा सगळ्यात घातक सल्ला. धडकेची ऊर्जा वेगाच्या वर्गानं वाढते. ऐंशीवरून शंभरवर गेलात तर वेग सव्वापट होतो, ऊर्जा दीडपटीहून जास्त. शिवाय पुढे काढताना तुम्ही नेमके डंपरच्या मागच्या जोडचाकांच्या तिरप्या रेषेत येता. त्या दोन टायरांच्या फटीत अडकलेली खडी सुटते ती तिथेच. आणि पुष्कळदा दगड ‘उडून येत’ नाही. तो चाकाखालून टणकन वर उठतो, हवेत जवळपास तरंगतो, आणि आपणच जाऊन त्याला धडकतो. वेग आपला असतो.

यात एक साधा हिशेब आहे. दगड दोन मीटर उंच उडाला तर वर जाऊन खाली यायला त्याला सव्वा सेकंदाच्या थोडा वर वेळ लागतो, तीन मीटर उडाला तर दीड सेकंदाच्या आसपास. म्हणजे तुम्ही डंपरच्या तीन सेकंद मागे असाल तर तुम्ही पोचेपर्यंत तो दगड परत रस्त्यावर आलेला असतो. फार तर टप्पे घेत असेल. ताशी साठला तीन सेकंद म्हणजे पन्नास मीटर. डंपर किलोमीटरच्या दगडाशेजारून गेला की मनात मोजायला लागा, तुम्ही त्या दगडाशी तीनच्या आधी पोचलात तर ॲक्सिलरेटरवरचा पाय उचला. मला ठाऊक आहे की ती पन्नास मीटरची जागा बघून एखादी वडाप जीप लगेच आत घुसते. घुसू द्या. आता खडी खायची पाळी तिची. समोरून येणाऱ्या गाडीच्या दगडाला मात्र हा उपाय लागू नाही, तिथे वेग कमी एवढंच हातात. आणि पुढे काढायचंच असेल तर रस्ता मोकळा बघून, मध्ये भरपूर जागा ठेवून, एकदाच काढा. मागच्या चाकाशी रेंगाळू नका.

सुपरग्लूबद्दल मी तावातावानं बोलते, कारण तो मूर्खपणा मी स्वतः केलाय. रसायनशास्त्र शिकलेल्या बाईनं, हे विशेष.

दोन वर्षांपूर्वी घाट उतरताना टक्क आवाज झाला आणि डाव्या वायपरच्या वर चवन्नीएवढा टवका पडला. मध्ये खड्डा, भोवती पायांसारखे पसरलेले तीन बारीक तडे. पाऊस तोंडावर आलेला, घरात सुपरग्लूची नळी होती, सोडले दोन थेंब. सुपरग्लू म्हणजे सायनोॲक्रिलेट. ते ओलाव्यानं घट्ट होतं, आणि काचेच्या पृष्ठभागावर ओलावा असतोच. त्यामुळे काही सेकंदांत खड्ड्याचं तोंड बंद झालं आणि पायांमधली हवा आत कोंडली गेली. वर ते ठिसूळ, ऊन-पाण्यात काचेवरची पकड सोडणारं. आठवड्याभरात एक पाय लांबू लागला. मी त्याच्या टोकाशी काळ्या मार्करनं रेघ मारून तारीख लिहीत गेले: १२, १४, १७. एका दुपारी उन्हात तापलेली गाडी काढली, एसी पूर्ण सोडून झोत काचेवर वळवला, आणि माझ्या डोळ्यांदेखत ती रेघ सरळ काठापर्यंत धावली.

काचवाल्यानं काच बघितली, ग्लूच्या पिवळट डागावर नख फिरवलं आणि विचारलं, “हे कोणी भरलं, ताई?” मी म्हटलं, मिस्टरांनी. (त्यांना हे अजून माहीत नाही.)

काच ताण सहन करू शकत नाही आणि तड्याच्या टोकाशी तो ताण एकवटतो. ग्रिफिथ या ब्रिटिश अभियंत्यानं हे १९२१ सालीच काचेवर प्रयोग करून दाखवलं. त्यात पाणी शिरलं तर ते टोकाशी ताणलेले काचेतले बंध हळूहळू तोडतं, म्हणून आपल्या पावसाळ्यात तडे पळतात. नेलपॉलिशची गत वेगळी. त्यातला द्रावक उडून गेला की जे उरतं ते आक्रसतं, तोंडावर पापुद्रा धरतं, आत काहीच जात नाही. गंमत अशी की त्यातलं नायट्रोसेल्युलोज काचेच्या नात्यातलंच आहे. एडुआर बेनेडिक्टस या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाच्या हातून १९०३ मध्ये एक चंबू पडला, तडकला, पण विखुरला नाही, कारण आतून त्याच पदार्थाचा थर सुकून बसला होता. लॅमिनेटेड काचेची कल्पना तिथून आली. पण तो थर पूर्ण काचेला धरून होता, टवक्यावर थापलेला नव्हता.

या वर्षी पुन्हा टवका पडला. या वेळी गाडी बाजूला घेतली, कोरड्या कपड्यानं टिपून त्यावर पारदर्शक सेलोटेप लावली, वॉशरचं पाणी बंद, एसीचा झोत अंगाकडे, आणि दोन दिवसांत त्याच काचवाल्याकडे. त्यानं आतून टवक्यामागे छोटा आरसा लावला, बाहेरून रबरी चूषकांवर उभा राहणारा पंप बसवला. आधी आतली हवा ओढली, मग रेझिन दाबलं, पुन्हा हवा, पुन्हा रेझिन. आरशात ते काळे दिसणारे पाय एकेक करून विझत गेले. मग वर प्लास्टिकचा तुकडा, रेझिन घट्ट व्हायला अतिनील दिवा, शेवटी ब्लेडनं खरवडून पॉलिश. माझा चहा संपायच्या आत काम झालं. पुसट डाग राहतोच, तो जात नाही, पण तडा थांबतो. दहाच्या नाण्यापेक्षा मोठा टवका, काठाला भिडलेला तडा, आतल्या थरापर्यंत गेलेला मार, किंवा चालकाच्या डोळ्यांसमोरची जागा असेल तर चांगला कारागीर स्वतःच सांगतो की बदला.

फिल्मबद्दल थोडक्यात. बाहेरून लावायच्या खास फिल्म मिळतात आणि बारीक खडीचा मार त्या थोडा झेलतात, हे खोटं नाही. ‘आयुष्यभर’ हे खोटं. वायपरखाली धूळ घासून त्यावर रेघा पडतात, उन्हानं ती धुरकटते, आणि पावसाळी रात्री समोरून हेडलाइट आला की त्या रेघा पेटतात. बदलत राहावी लागते. वर कायदा. सर्वोच्च न्यायालयानं २७ एप्रिल २०१२ रोजी काचांवर वरून फिल्म लावायलाच मनाई केली, पारदर्शक असली तरी. १ एप्रिल २०२१ पासून नियमांत ‘सेफ्टी ग्लेझिंग’, म्हणजे आतून प्लास्टिकचा थर दिलेली सुरक्षित काच, आलं, आणि त्याच्या आधारे केरळ उच्च न्यायालयानं २०२४ मध्ये समोर ७० आणि बाजूला ५० टक्के प्रकाश आत येत असेल तर अशा फिल्मला मोकळीक दिली. पण ती काचेच्या आतल्या बाजूच्या थराची गोष्ट आहे. चौकात पावती फाडणाऱ्या हवालदाराला तो निकाल वाचून दाखवायची हौस असेल तर बघा.

राहिलं ‘इन्शुरन्समध्ये फुकट’. नुसता थर्ड पार्टी विमा असेल तर एक रुपया मिळत नाही. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा असेल तर काचेवर घसारा, म्हणजे जुनी झाल्याबद्दलची घट, कापत नाहीत, एवढं त्या मेसेजमध्ये बरोबर. पण सक्तीची वजावट, म्हणजे प्रत्येक क्लेममध्ये तुम्ही स्वतः भरायची रक्कम, असते: १५०० सीसीपर्यंत एक हजार, त्यावर दोन हजार. आणि क्लेम केला की नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूट, शून्यावर. समजा तुमचा त्या भागाचा प्रीमियम दहा हजार आणि बोनस पन्नास टक्के, म्हणजे तुम्ही पाच हजार भरता. क्लेमनंतर पुढची पाच वर्षं दहा, आठ, साडेसात, साडेसहा, साडेपाच हजार. जादा गेले साडेबारा हजार. गाडी जुनी होते तसा प्रीमियम उतरतो, म्हणून थोडे कमी धरा. काच सात हजारांची असेल तर वजावट जाऊन तुम्हाला मिळाले सहा. बोनस वाचवणारं जोडकलम घेतलं असेल तर गणित बदलतं, आणि काचेमागे कॅमेरा असलेल्या नव्या गाडीचंही, कारण तिथे काच बदलल्यावर कॅमेरा पुन्हा जुळवून घ्यावा लागतो आणि बिल बरंच फुगतं. तिथे क्लेम परवडतो.

सुपरग्लूवाली काच मी खिशातून बदलली. तिच्या कडेचा गोंद धरेपर्यंत काचवाल्यानं गाडी हलवू दिली नाही. कडेला चिकटपट्ट्या, एक खिडकी दोन बोटं उघडी, म्हणजे दार आपटलं तरी आतल्या हवेनं काच ढकलली जाऊ नये. संध्याकाळी सातला किल्ली दिली आणि म्हणाला, “पट्ट्या उद्या काढा.”