मिशनचं पत्रक कसं छापावं

परदेशातल्या मिशनसाठी पत्रक काढताय? उत्तम. ल्युथरन, म्हणजे मार्टिन ल्युथरच्या प्रोटेस्टंट पंथातल्या, मंडळींचा यातला हात तीनशे वर्षांचा आहे. 1706 साली त्सीगेनबाल्ग आणि प्लुचाउ हे दोन जर्मन मिशनरी तमिळ किनाऱ्यावरच्या तरंगमबाडीला उतरले आणि 1710 पासून तिथली पत्रं जर्मनीत हाल्लं इथून छापून निघू लागली. पत्र वाचून माणूस खिशात हात घालतो, ही युक्ती नवी नाही. तुम्ही फक्त री ओढा.

आधी फोटो. मूल अनवाणी हवं आणि कॅमेरा उंचावर. चप्पल घातलेल्या पोरावर कुणी पैसे देत नाही.

नकाशावर बाण. गाव चुकलं तरी चालेल, बाण लाल हवा.

मिशनऱ्याला फार शिकू देऊ नका. त्सीगेनबाल्गनं तमिळ शिकून 1715 पर्यंत बायबलचा अख्खा नवा करार छापून काढला, इथवर ठीक. पण त्याआधी 1713 साली या गड्यानं दक्षिणेतल्या देवदेवतांवर एक ग्रंथ लिहून हाल्लंला धाडला. हाल्लंहून मिशनचा कारभार पाहणाऱ्या फ्रांकं यांचं म्हणणं पडलं की तुम्हाला तिकडं मूर्तिपूजा उखडायला पाठवलंय, ती इकडं पसरवायला नाही. हस्तलिखित पडून राहिलं. छापलं गेलं 1867 मध्ये, तेही मद्रासेत. अंधार विकायला बसलात तर दुकानात कंदील ठेवू नये.

देणारे इकडचे, घेणारे तिकडचे, यात गफलत नको. तंजावरची एक मराठी ब्राह्मण विधवा होती. सरफोजीराजांना ज्यांनी शिकवलं त्या मिशनरी श्वार्ट्झ यांनी 1778 मध्ये तिला बाप्तिस्मा दिला, नाव ठेवलं क्लोरिंडा. 1785 मध्ये तमिळ मुलखातल्या पाळयंकोट्टैत चर्च उभं राहिलं ते तिच्या पुढाकारानं. असली बाई पत्रकात घेऊ नका. तिला काय देणार तुम्ही?

आता नावं. पाहुणा पंधरा दिवसांसाठी आलेला का असेना, त्याचं नाव, आडनाव, पदवी, बायकोचं नाव, सगळं घाला. शेजारी उभी असलेली ती ‘एक भारतीय स्त्री’. इकडे परदेशात आमच्या चर्चच्या मंडळींनी मला असंच एक पत्रक तपासायला दिलं होतं. मी मराठी, फोटो तामिळनाडूतल्या दवाखान्यातला, पण ‘तुम्ही भारतीयच ना!’ बरं, भारतीय तर भारतीय. मी रात्री जागून फोन केले, भावाच्या मेहुण्याला मध्ये घातलं, आणि बाई कोण ते शोधून काढलं. हेड नर्स. 31 वर्षं नोकरी. पाहुण्यांना वॉर्ड दाखवत होती ती! नाव, हुद्दा, वर्षं, सगळं नीट टाइप करून दिलं. छापून काय आलं? ‘आशेची वाट पाहणारी माता.’

तिला मूलबाळ नाही हो! आणि वाट कसली पाहते? ड्युटी संपायची.

विचारलं तर म्हणे जागा नव्हती. बँकेचा खातेक्रमांक दोनदा छापायला जागा होती. पाहुण्याच्या हॅटचा उल्लेख करायला होती. 1733 साली तरंगमबाडीत आरोन या तमिळ माणसाला पाळकाची दीक्षा दिली, तेव्हा त्याचं नाव लिहिता आलं होतं. खिळे जुळवून छापायच्या काळात जमलं, आणि तुम्हाला संगणकावर जमत नाही? लाज वाटली पाहिजे.

परवा पुन्हा मेल आली. नाताळचा अंक आहे, जरा नजर टाकाल का? नाही टाकणार. आधी मागच्या अंकाची चूक दुरुस्त करा, त्या बाईंचं नाव छापा, आणि एक प्रत त्यांना पाठवा. पत्ता माझ्याकडे आहे.