खुलासा : ‘२०३० पासून शहरांत खासगी गाड्यांवर बंदी’ हा दावा खरा नाही

‘सी४०’ या, हवामान बदलावर काम करणाऱ्या महानगरांच्या संघटनेतल्या शहरांनी २०३० पर्यंत खासगी गाड्या बंद करण्याच्या करारावर सह्या केल्या आहेत, असा मेसेज फिरतो आहे. सोबत मांसाहार बंद, वर्षाला तीनच नवे कपडे, अशी पुरवणीही जोडलेली असते. असा कोणताही करार झालेला नाही.

हे आकडे मात्र कुणी हवेतून काढलेले नाहीत. सी४०, अरूप ही अभियांत्रिकी सल्लागार कंपनी आणि ब्रिटनमधलं लीड्स विद्यापीठ यांनी २०१९ मध्ये एक अभ्यास-अहवाल काढला. उपभोग किती कमी केला तर हवामान तापवणाऱ्या वायूंचं उत्सर्जन किती घटेल, याचं गणित त्यात आहे. गाड्यांसाठी दोन पातळ्या धरल्या आहेत : हजार माणसांमागे १९०, आणि त्याहून कडक, शून्य. ही कडक पातळी सरसकट लागू करा असं आम्ही म्हणत नाही, हेही अहवालातच स्पष्ट केलं आहे. मेसेज लिहिणाऱ्याने नेमकं तेवढंच गाळलं.

सह्या झाल्या त्या वेगळ्याच जाहीरनाम्यावर, २०१७ मध्ये. लंडन, पॅरिस, मेक्सिको सिटी, केपटाउन अशा १२ शहरांनी दोन गोष्टी कबूल केल्या. २०२५ पासून फक्त शून्य-उत्सर्जन बस खरेदी करायच्या आणि २०३० पर्यंत शहराचा मोठा भाग शून्य-उत्सर्जन करायचा. त्यात विजेवरची गाडी चालतेच.

शिवाय सी४० ला कायदे करण्याचा अधिकारच नाही. नियम ठरवायचे ते त्या-त्या शहराने किंवा देशाने. या जाहीरनाम्यावर टीका करायला जागा आहे, जरूर करावी. पण त्यात जे लिहिलंय त्यावर.