‘अमेरिकेत घरबसल्या महिना १ लाख ८० हजार’ हा हिशोब कुठे कुठे चुकतो ते बघा

तो मेसेज परत फिरायला लागलाय. करोनात अमेरिकेत नोकरी गेलेल्या प्रत्येकाला सरकारने आठवड्याला ६०० डॉलर दिले, म्हणजे महिन्याला २४०० डॉलर, ७५ च्या भावाने १ लाख ८० हजार रुपये, लोकांना पगारापेक्षा जास्त मिळत होतं म्हणून कोणी कामावर जाईना, तिकडे असलेल्या आपल्या मुलांनाही मिळाले, आणि आपल्याकडे मात्र नोकरी गेली की एक रुपया नाही. लोक हे खरं मानून पुढे पाठवतात म्हणून एकेक मुद्दा घेतो.

पहिलं म्हणजे ६०० हा भत्ता नव्हताच, ती वरची भर होती. अमेरिकेत बेरोजगारी भत्ता प्रत्येक राज्य स्वतःच्या नियमाने देतं, आणि मार्च २०२० च्या केअर्स या करोना-मदत कायद्याने फेडरल सरकारने, म्हणजे तिथल्या केंद्राने, त्या रकमेवर आठवड्याला सरसकट ६०० डॉलर जोडले. राज्याचा एक डॉलर तरी मंजूर झाला तर वरचे ६०० पूर्ण, कुठलाच भत्ता मंजूर झाला नाही तर तेही नाहीत. सरसकट का, ज्याच्या त्याच्या पगाराच्या टक्क्यात का नाही, तर राज्यांच्या कॉम्प्युटर सिस्टिम इतक्या जुन्या होत्या की तो हिशोब त्यांना वेळेत जमला नसता. न्यू जर्सीच्या गव्हर्नरांनी तर एप्रिलमध्ये कोबोल ही जुनी कॉम्प्युटर भाषा येणारे लोक हवेत असं जाहीर आवाहन केलं होतं.

त्यामुळे कुणाला किती मिळाले असतील हे काढायचं तर आधी राज्याची रक्कम काढावी लागते, आणि मेसेजवाले नेमकं हेच सोडून देतात. समजा एखाद्याचा पगार आठवड्याला १००० डॉलर. न्यू जर्सीत सरासरी पगाराच्या ६० टक्के, म्हणजे ६०० राज्याचे आणि ६०० वरचे, एकूण १२००. तोच माणूस फ्लोरिडात असता तर सगळ्यात चांगल्या तिमाहीचा पगार घ्यायचा, १३०००, त्याला २६ ने भागायचं, येतात ५००, पण तिथे कमाल मर्यादाच २७५, म्हणून हातात ८७५. कॅलिफोर्नियात मर्यादा ४५०, म्हणजे १०५०. एकच पगार आणि तीन राज्यांत तीन रकमा, मग ‘प्रत्येकाला २४००’ हा आकडा आला कुठून? शिवाय हिशोबाला पगार कुठला धरायचा तर साधारणपणे शेवटच्या पाच पूर्ण तिमाह्यांपैकी पहिल्या चार, म्हणजे एप्रिल २०२० मध्ये अर्ज केला असेल तर २०१९ चं वर्ष, जानेवारीत पगारवाढ मिळाली असली तरी ती यात धरली जात नाही.

आता पगारापेक्षा जास्त मिळाले का? बऱ्याच जणांना मिळाले, हे खरं आहे आणि मी ते नाकारत नाही. फ्लोरिडात आठवड्याला ४०० कमावणाऱ्या वेटरला २०० राज्याचे आणि ६०० वरचे, ८०० मिळाले, पगाराच्या दुप्पट. पण न्यू जर्सीत आठवड्याला २५०० कमावणाऱ्या इंजिनिअरला राज्याची २०२० ची मर्यादा ७१३ आणि वरचे ६०० मिळून १३१३, म्हणजे जेमतेम निम्मे. ज्याला दुप्पट मिळाले तो मुळात किती कमी पगारावर राबत होता हे का दिसत नाही कुणाला, आणि तिथे नोकरीबरोबर बऱ्याच जणांचा आरोग्य विमाही जातो, महामारी चालू असताना.

आणि हे चाललं किती दिवस? ४ एप्रिलला संपलेल्या आठवड्यापासून २५ जुलैला संपलेल्या आठवड्यापर्यंत, १७ आठवडे, म्हणजे जास्तीत जास्त १०२०० डॉलर. नंतर ऑगस्टमध्ये फेमा या तिथल्या आपत्ती-निवारण संस्थेच्या निधीतून आठवड्याला ३००, तेही जास्तीत जास्त सहा आठवडे आणि राज्याचा भत्ता किमान १०० असेल तरच, मग वर्षअखेरपर्यंत काहीच नाही, आणि डिसेंबर २०२० च्या शेवटी परत ३०० सुरू झाले ते सप्टेंबर २०२१ च्या सुरुवातीपर्यंत. मधल्या काळात फ्लोरिडातला तो हजारवाला माणूस २७५ वर आला होता. वर हे पैसे करपात्र. १० टक्के कापून घ्या असं आधीच सांगितलं नसेल तर कराचं ओझं पुढच्या वर्षी येणार, नंतरच्या कायद्याने २०२० च्या भत्त्यातल्या १०२०० पर्यंतच्या रकमेला सूट दिली पण दीड लाख डॉलरच्या आत उत्पन्न असलेल्यांनाच.

‘कोणी कामावर जाईना’ म्हणता, पण मालकाने परत बोलावलं आणि योग्य काम असताना कारणाशिवाय नाकारलं तर भत्ता बंद होतो हा तिथला नियम आहे. २०२१ च्या उन्हाळ्यात साधारण निम्म्या राज्यांनी जादा पैसे मुदतीआधीच थांबवले, नोकरदारांची संख्या वाढली ती थोडीच, मेसेजवाल्यांचं खरं असतं तर तिथे कामावर झुंबड उडाली असती.

आपल्या मुलांचा मुद्दा मला सगळ्यात जास्त लागतो. एच-वन-बी वर, म्हणजे एका ठरावीक कंपनीने काढून दिलेल्या कामाच्या व्हिसावर, असलेल्याची नोकरी गेली की त्याच्या हातात ६० दिवस असतात, तेवढ्यात दुसरी कंपनी शोधायची किंवा व्हिसा बदलायचा नाहीतर देश सोडायचा, आणि तो दुसऱ्या कुठल्याही मालकाकडे लगेच काम करायला मोकळा नसल्यामुळे भत्त्याला सहसा पात्रच ठरत नाही. न्यू जर्सीत तर बेरोजगारी विम्याचे पैसे कर्मचाऱ्याच्या पगारातूनही कापतात, म्हणजे यांनी भरायचं आणि वेळ आली की मिळायचं नाही. ग्रीन कार्डवाले किंवा एच-फोरवर, म्हणजे एच-वन-बी वाल्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर, वर्क परमिट घेऊन नोकरी करणारे पात्र असू शकतात, त्यांनी घाबरून अर्ज टाळायचं कारण नाही, कारण हा भत्ता पब्लिक चार्जमध्ये, म्हणजे ‘हा माणूस सरकारवर भार होईल का’ या इमिग्रेशनच्या तपासणीत, मोजत नाहीत. पण न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये नोकरी जाऊन बसलेल्या पोराला इथून फोन करून ‘तुला काय, सरकार देतंच आहे’ असं कृपा करून म्हणू नका.

राहिलं आपल्याकडचं. ‘एक रुपया नाही’ हेही चूक आहे. ज्यांच्या पगारातून ईएसआयसी, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याची वर्गणी, कापली जाते अशा कामगारांसाठी अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना आहे. २०२० मध्ये तिची रक्कम सरासरी मजुरीच्या २५ वरून ५० टक्के केली, जास्तीत जास्त ९० दिवसांसाठी, आणि अर्ज मालकामार्फत न करता थेट करता येईल अशी सोय केली. ईएसआयसीची पगारमर्यादा २१००० रुपये आहे आणि असंघटित कामगार बहुतेक बाहेरच राहतात, त्यामुळे ती पुरेशी आहे असं मी म्हणत नाही. पण ज्यांचा हक्क होता त्यातल्या कित्येकांना ती माहीतच नव्हती, आणि तुमच्या ग्रुपवर कुणाच्या पगारपावतीवर ईएसआयसीची कपात दिसत असेल तर त्यांना या योजनेचं नाव आधी पाठवा.