तत्त्वज्ञ हाताशी असावेत

समाजाची नीती ढासळते आहे हे तुमच्या लक्षात आलं, अभिनंदन. ती नेहमी शेजाऱ्याच्या घरातून ढासळते, हेही लक्षात आलंच असेल. आता सरकारने काहीतरी केलं पाहिजे. पण नुसतं ओरडू नका, पाठीशी एखादा तत्त्वज्ञ घ्या. मग आरडाओरड्याला ‘भूमिका’ म्हणतात.

बंदी दुसऱ्यावर घालायची असेल तर इंग्लंडचे न्यायाधीश लॉर्ड डेव्हलिन धरा. 1957 साली इंग्लंडमधल्या वुल्फेंडन समितीने सुचवलं, की सज्ञान पुरुषांनी संमतीने, चार भिंतींच्या आत ठेवलेले समलिंगी संबंध गुन्हा मानू नयेत. दोनच वर्षांनी या न्यायाधीशमहाशयांनी व्याख्यान दिलं : सामायिक नीती मोडली की समाज मोडतो. अनीती ओळखायची कशी? साध्यासरळ माणसाला मनापासून किळस आली की झालं. अभ्यास नको, आकडेवारी नको. तुम्हाला तर किळस चटकन येते, म्हणजे कायदेमंडळाचं अर्धं काम घरबसल्या उरकलं. कायद्याचे तत्त्वज्ञ एच. एल. ए. हार्ट विचारत राहिले, की यात इजा नेमकी कुणाला झाली? अशा प्रश्नाला उत्तर द्यायचं नसतं, आवाज चढवायचा असतो.

बंदी तुमच्यावर आली, तर लगेच इंग्लिश तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिल. 1859 मध्येच ते सांगून गेले, की दुसऱ्याला इजा होत नसेल तर सत्तेने माणसाच्या वाटेला जाऊ नये. (सकाळी डेव्हलिन, संध्याकाळी मिल चालतात. एका दमात दोघांची नावं घेऊ नका, एवढंच.)

कर भरायचा नसेल तर अमेरिकी लेखक थोरो. गुलामगिरी पोसणाऱ्या सरकारला पैसा देणार नाही म्हणून त्यांनी कर नाकारला आणि 1846 साली एक रात्र तुरुंगात काढली. गुलामगिरी आणि तुरुंग वगळा, उरलेला थोरो अगदी तुमच्यासारखा आहे.

कुणाचा काटाच काढायचा असेल तर ‘कायदा म्हणजे कायदा’. 1944 मध्ये जर्मनीत एका बाईला नवरा नकोसा झाला होता. सैन्यातून रजेवर आलेला तो गडी घरात हिटलरबद्दल वेडंवाकडं बोलला. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि वर कळवलं. त्याला मृत्युदंड सुनावला, मग आघाडीवर धाडलं. युद्धानंतर तिच्यावर खटला झाला तेव्हा ती म्हणाली, तेव्हाचा कायदाच तसा होता. अपिलात न्यायालयाने तिला दोषी धरलं. तुम्ही घाबरू नका. सत्ता पडली तरच असे खटले उभे राहतात, आणि तुमची पडणार नाही याची तुम्हाला खात्री आहेच.

एका माणसाला मात्र दारात उभं करू नका : अमेरिकी तत्त्वज्ञ जॉन रॉल्स. 1971 पासून त्यांचं एकच टुमणं, की आपण कुठल्या घरात, कुठल्या वर्गात, कसा देह घेऊन जन्मणार हे ठाऊक नाही असं धरून नियम ठरवा. त्या बैठकीचं निमंत्रण आलं तर तब्येत बरी नाही म्हणून कळवा. दुसऱ्या दिवशी ठराव काय झाला ते विचारा, आणि त्यातून तुम्हाला सूट मिळते का तेही.