घर परवडलं म्हणून घरपट्टीही परवडते?

आज सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर एकाने लिहिलं, "ज्याला घर परवडतं त्याला घरपट्टीही परवडते. रडारड बंद करा." त्यावर धडाधड अंगठे. तेव्हापासून डोकं तापलंय माझं.

माझी आत्या नाशिकला पवननगरात राहते. सिडकोचं जुनं घर. फुपा, म्हणजे तिचे यजमान, गेल्यावर पेन्शनवर चाललंय. मुलाचं लग्न झालं, जागा पुरेना, म्हणून वर दोन खोल्या चढवल्या. भाडेकरू नाही, दुकान नाही, पोरगा-सून राहतात. बांधकाम 2018 नंतरचं. त्यामुळे खाली घरपट्टीचा जुना दर आणि वर नवा, चढा दर. एकाच जिन्याने जोडलेलं एकच घर!

बहुतेकांना वाटतं, कराचा टक्का वाढला तरच घरपट्टी वाढते. तसं नाही. खरी गोम करयोग्य मूल्यात आहे. हे घर भाड्याने दिलं तर वर्षाला किती येतील हे धरायचं, त्यातून दुरुस्तीचे 10 टक्के वजा करायचे आणि उरेल त्यावर टक्का लावायचा. सोयीसाठी 500 फुटांचं घर घ्या. महिन्याला फुटामागे 1 रुपया धरला तर करयोग्य मूल्य 5,400. तोच दर 2 रुपये केला की 10,800. टक्क्याला कुणी हातही लावला नाही, तरी कर दुप्पट. आत्या मला विचारते, "अगं, पण मला भाडं देतंय कोण?" काय सांगू तिला?

1 एप्रिल 2018 पासून नव्या मिळकतींसाठी फुटामागचे हे दर एकदम चढवले, ते आठवत असेल. 'मी नाशिककर' म्हणत लोक रस्त्यावर आले, आयुक्तांवर अविश्वास ठरावापर्यंत गोष्ट गेली. दर थोडे उतरले. पण नव्या-जुन्याची भिंत उभी राहिली ती राहिलीच. कॉलेज रोडच्या जुन्या बंगल्याला जुना दर आणि पाथर्डी फाट्यावर वीस वर्षांचं कर्ज काढून वन-बीएचके घेणाऱ्या जोडप्याला नवा. रस्ते तेच, घंटागाडी तीच, गंगापूर धरणाचं पाणीही तेच. हा कुठला न्याय?

हो, जुने दर वर्षानुवर्षं हलले नव्हते आणि पालिकेला पैसा लागतोच, हे मान्य. मग सगळ्यांचंच मूल्यांकन एकदम करा ना! सगळ्यांची मूल्यं वाढवा आणि त्याच वेळी टक्का खाली आणा. पालिकेची एकूण वसुली तेवढीच राहील, फक्त आजवर कमी भरणाऱ्यांचा वाटा वाढेल आणि जास्त भरणाऱ्यांचा उतरेल. फेरमूल्यांकनाचा अर्थ हाच. फक्त नंतर आलेल्यांच्या पाठीवर ओझं ठेवायचं, याला फेरमूल्यांकन म्हणत नाहीत. मुंबईत 500 फुटांपर्यंतच्या घरांना कर माफ, पुण्यात स्वतः राहणाऱ्याला 40 टक्के सवलत. आत्याने काय घोडं मारलंय?

आता जरा शांतपणे लिहिते, कारण हे कुणाच्या तरी उपयोगाचं आहे. मूल्य वाढल्याची विशेष नोटीस आली तर ती ड्रॉवरमध्ये टाकू नका. हरकतीसाठी किमान 15 दिवस असतात. लेखी हरकत द्या, पोच घ्या, सुनावणीला जा, खोल्यांची मापं स्वतः मोजून न्या. हरकत घेतलेली असेल आणि तिचा निकाल पटला नाही, तरच पुढे कोर्टात अपील, आणि तिथे आधी कराची रक्कम भरावी लागते. थकलं तर महिन्याला 2 टक्के शास्ती. आत्या घाबरली ती याच आकड्याला. हरकत न घेताच तिने सगळे पैसे भरून टाकले. फुपांच्या वर्षश्राद्धासाठी बाजूला ठेवलेले होते ते. मला नंतर कळलं.

ग्रुपवरच्या त्या दादांना मी उत्तर दिलेलं नाही, इथेच लिहितेय. आपापल्या नगरसेवकांना एवढंच विचारा, नव्या-जुन्या सगळ्या मिळकतींना एक दर कधी लावणार? आणि कुणाच्या आई-वडिलांना, काकू-मावशीला नोटीस आली असेल तर मला मेसेज करा. हरकतीचा अर्ज मी लिहून देईन.