येळवस आणि बेसलाइन

लातूरच्या औद्योगिक वसाहतीत आम्ही सोयाबीन साठवण्याचे एक गोदाम बांधत होतो. त्या कामाचा प्लॅनिंग इंजिनिअर या नात्याने, सिमेंटच्या पोत्याला एकदाही हात न लावता, साइटवर सर्वांत जास्त दमणारा माणूस मीच होतो.

कामाचे अंदाजपत्रक 6 कोटींचे होते. डिसेंबरअखेर 3 कोटींचे काम व्हायला हवे होते. झाले 2 कोटी 40 लाखांचे, आणि त्यासाठी खर्ची पडले 2 कोटी 70 लाख. गंजगोलाईतल्या कोणत्याही दुकानदाराला हे तीन आकडे सांगितले, तर आपण मागेही आहोत आणि तोट्यातही आहोत, हे तो चहा संपायच्या आत सांगेल. अर्न्ड व्हॅल्यूचे, म्हणजे झालेल्या कामाची किंमत योजनेशी आणि खर्चाशी ताडून पाहणारे, सॉफ्टवेअरही तेच सांगते. मात्र ते एसपीआय (झालेले काम भागिले ठरलेले काम) 0.80 आणि सीपीआय (झालेले काम भागिले झालेला खर्च) 0.89 असे, लाल रंगात आणि थेट पुण्याच्या मुख्यालयातल्या पडद्यावर सांगते. वर, याच चालीने गेल्यास गोदाम 6 कोटी 75 लाखांना पडेल, असे भविष्यही न विचारता वर्तवते.

"ते लाल तेवढं घालवा," साहेब फोनवर म्हणाले. लाल घालवण्याला आमच्या धंद्यात रीप्लॅन म्हणतात.

उशिराची कारणे साधी होती, पण ती मूळ वेळापत्रकात कुठेच नव्हती, कारण ते पुण्यात तयार झाले होते. परतीच्या पावसाने पायाच्या खड्ड्यांत पाणी भरले आणि मुरूम लागेपर्यंत खणलेली काळी माती फुगून पुन्हा आत आली. पंप लावून पाणी काढेपर्यंत सोयाबीनची काढणी सुरू झाली आणि निम्मे मजूर शेतावर गेले. ज्या पिकासाठी गोदाम बांधायचे, त्याच पिकाने गोदामाचे मजूर पळवले. दसऱ्यानंतर उरलेल्यांपैकी काहीजण ऊसतोडीला गेले. सॉफ्टवेअरच्या कॅलेंडरात मात्र आठवड्याचे सहा दिवस आणि दिवसाचे आठ तास अढळ होते.

अर्न्ड व्हॅल्यूची ही पद्धत मुळात आमच्यासाठी जन्मलेली नाही, हेही सांगितले पाहिजे. अमेरिकेच्या संरक्षण खात्याने 1967 साली शस्त्रास्त्रे बनवणाऱ्या कंत्राटदारांना वेसण घालण्यासाठी 35 निकष ठरवले, त्यांतून ती पुढे आली. तिचा एक दंडक असा, की झालेल्या काळाचे आकडे मागे जाऊन बदलायचे नाहीत. उरलेले काम आणि उरलेले पैसे तेवढे नव्या तारखांवर मांडायचे. दंडक रास्त आहे. मी तो पाळणारच होतो. मध्ये येळवस आली.

मार्गशीर्षातल्या अमावस्येला आमच्याकडे शहर ओस पडते आणि शेते भरतात. आमच्या मिस्त्रींनी मला त्यांच्या शेतावर नेले. कडब्याच्या कोपीत बसवून त्यांच्या आईने भज्जी आणि उंडे वाढले आणि आंबिलाचे तांबे रिते केले. त्या कोपीत 'नको' हा शब्द कोणालाही ऐकू येत नाही. दुपारपर्यंत माझ्याही तोंडून तो नाहीसा झाला होता.

अशा अवस्थेत संध्याकाळी मी लॅपटॉप उघडला. 'निवडलेली कामे' याऐवजी 'संपूर्ण प्रकल्प' यावर माझे बोट पडले. आधीची बेसलाइन, म्हणजे तुलनेसाठी जपलेली मूळ योजना, पुसली जाईल, चालेल का, असे सॉफ्टवेअरने अदबीने विचारले, आणि दिवसभराच्या सवयीने मी 'हो' म्हणालो.

क्षणात सगळे हिरवे झाले. एसपीआय 1.00, सीपीआय 1.00. आनंद ओसरल्यावर लक्षात आले, की झालेला 2 कोटी 70 लाखांचा खर्च हीच आता त्या कामाची मूळ योजना ठरली होती, आणि उरलेल्या 3 कोटी 60 लाखांच्या बेरजेने अंदाजपत्रक 6 कोटी 30 लाखांवर गेले होते. तीस लाखांचा तोटा आंबिलात ताक मिसळावे तसा एकजीव झाला होता. खड्ड्यात पाणी भरणार, मजूर पळणार, हे सारे आम्ही पहिल्यापासूनच ठरवले होते, असे कोणालाही वाटले असते.

"वा! जमलं की! असंच राहू द्या," साहेबांचा फोन आला. मालक बिल 6 कोटींचेच देणार आहे, हे सांगितल्यावर त्यांनी बराच वेळ काही न बोलता फोन धरून ठेवला.

आमच्या सॉफ्टवेअरमध्ये 11 बेसलाइन जतन करता येतात. मी दहा कप्पे रिकामे ठेवून एकाच कप्प्यावर संसार केला होता. नोव्हेंबरच्या अहवालासोबत पाठवलेली जुनी फाइल मेलमध्ये सापडली, म्हणून वाचलो. तीन रात्री बसून मागचे महिने जसेच्या तसे ठेवले आणि पुढचे काम नव्याने मांडले. सीपीआय 0.89 वर लालच राहिला. साहेबांचे सांत्वन करावे म्हणून मी सांगितले, की गोदाम कितीही उशिरा पुरे झाले तरी सर्व काम संपताच अर्जित मूल्य, म्हणजे झालेल्या कामाची किंमत, नियोजित मूल्याएवढे होते आणि एसपीआय आपोआप 1.00 होतो.

"मग तोवर अहवाल पाठवू नका," साहेब म्हणाले.

नव्या वेळापत्रकात मी पोळा, येळवस, सोयाबीनची काढणी, ऊसतोड, सारे घातले आणि अभिमानाने त्याची प्रिंट मिस्त्रींसमोर धरली. त्यांनी ती वरपासून खालपर्यंत, मग उलटी करून पाठीमागूनही पाहिली.

"समदं बसविलाव सायेब," ते म्हणाले, "पर फेब्रुवारीत हरभरा कोण काढावं?"

मी लॅपटॉप पुन्हा उघडला आणि या खेपेस आधी तिसरा कप्पा निवडला.